हरलं तर काय जातं?

(रौप्यमहोत्सवी सप्ताहात सोसायटीच्या सभागृहात मुले व पालक यांच्यासमोर केलेले भाषण)



१ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा होऊन आपला वाशिम जिल्हा झाला आणि त्यानंतर दोनच वर्षांनी आपली सोसायटी उभी राहिली. या पंचवीस वर्षांत मी इथे पाणीपट्टी, मेंटेनन्स, लेखापरीक्षण यांवर पुष्कळ बोललो. ते ऐकून तुम्ही कंटाळलात, आणि खरं सांगायचं तर मीही. म्हणून सचिवांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "पत्ते." ते हसले. त्यांना वाटलं काका थट्टा करून राह्यले. कारण पत्त्यांना हात न लावणारा माणूस म्हणूनच इथे सगळे मला ओळखतात.

त्याचं कारण आज पहिल्यांदा सांगतो. मालेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी पोळ्याच्या करीला डाव बसायचा. तीन पत्ती. माझे वडील कष्टाळू होते, दारूचं व्यसन नव्हतं. पण करीचा डाव दिवाळीपर्यंत चालायचा. मी अकरा वर्षांचा असताना आमचं चार एकर वावर गेलं. आई तेव्हा एवढंच म्हणाली, "पत्त्यानं वावर गेलं, आता पोरगं जाऊ नको देऊ बाप्पा." मी शिकलो, अकोल्याला बी.कॉम. झालो, बँकेत छत्तीस वर्षं काढली. ऑडिटच्या दौऱ्यावर रात्री सहकारी रमी मांडायचे, मी चादर ओढून झोपायचो.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीत पुण्याहून नातू आला. दहा वर्षांचा. हॉलमध्ये बसून त्याने डबा उघडला आणि पत्ते मांडले. पोकेमॉनचे. मी ओरडलो, "या घरात पत्ते चालणार नाहीत!" पोराने मुकाट्याने सगळे गोळा केले. मग डब्याचं झाकण लावता लावता विचारलं, "आजोबा, यात हरलं तर काय जातं?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री मी तो डबा उघडून नियमांचं पत्रक वाचलं. तिथून सुरुवात झाली.

मुलांनो, हा खेळ मी शिकलो तसा तुम्हाला सांगतो. आपल्या नेहमीच्या पत्त्यांत बावन्न पानं सगळ्यांना सारखीच. या खेळात मात्र प्रत्येकाने आपला संच, म्हणजे डेक, घरून बांधून आणायचा असतो. ही कल्पना रिचर्ड गारफील्ड नावाच्या अमेरिकेतल्या गणितज्ञाची. त्याचा 'मॅजिक: द गॅदरिंग' १९९३ मध्ये आला. पोकेमॉनचा पत्त्यांचा खेळ जपानमध्ये १९९६ मध्ये निघाला.

पोकेमॉनच्या डेकमध्ये बरोबर साठ पत्ते लागतात. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. एकाच नावाचे जास्तीत जास्त चार चालतात, मूळ एनर्जीच्या पत्त्यांना तेवढी सूट. डाव सुरू करताना हातात सात पत्ते घ्यायचे आणि सहा पत्ते बक्षिसाचे म्हणून पालथे बाजूला ठेवायचे. समोरच्याचा पोकेमॉन बाद केला की आपल्या त्या सहांतून उचलायचं. सहाही उचलले की जिंकलो. समोरच्याकडे मैदानात एकही पोकेमॉन उरला नाही तरी जिंकलो. आणि स्वतःच्या पाळीला ओढायला पत्ताच शिल्लक नसला, तर हरलो.

पत्त्यांचे प्रकार तीन. पोकेमॉन लढतात. एनर्जी ही त्यांची ताकद, ती एका पाळीत एकच जोडता येते. आणि ट्रेनरचे पत्ते मदतीचे: कुणी नवे पत्ते ओढून देतं, कुणी हवा तो पत्ता शोधून देतं. हे वाचलं आणि मला माझी शाखा आठवली. एनर्जी म्हणजे रोकड. सगळी रक्कम कर्जात अडकवली तर काउंटरवर द्यायला पैसा उरत नाही, सगळी तिजोरीत ठेवली तर व्याज येत नाही. नवशिका मुलगा डेकमध्ये नुसते दांडगे पोकेमॉन भरतो. मग ते हातात येऊन बसतात आणि लढायला एनर्जी नसते. ट्रेनरचे पत्ते त्याला फालतू वाटतात, पण डेक चालतो तो त्यांच्यावरच.

आता थोडा हिशोब, कंटाळू नका. एखादा पत्ता साठांत एकच ठेवला, तर पहिल्या सात पत्त्यांत तो येण्याची शक्यता शंभरात बारा. दोन ठेवले तर बावीस. तीन ठेवले तर बत्तीस. चार ठेवले तर चाळीस. शिवाय एकुलता एक पत्ता पालथ्या सहांत अडकण्याची शक्यता शंभरात दहा. म्हणून ज्या पत्त्यावर सगळा डाव उभा आहे, तो चार ठेवा. मुख्य लढवय्या एक, फार तर दोन. बाकीचे पत्ते त्यांना मदत करतील असेच निवडा. "हा आवडतो म्हणून असू दे" असा पत्ता काढून टाका. मला हे फार जड गेलं. नातू म्हणाला, "आजोबा, हा ड्रॅगन तुम्ही अजून एकदाही खेळला नाही." खरं होतं.

आणखी एक. पहिल्या सातांत पायरीतला पहिला, म्हणजे बेसिक पोकेमॉन आला नाही, तर हात दाखवून पुन्हा पिसावं लागतं आणि समोरच्याला एक पत्ता जास्त ओढता येतो. डेकमध्ये असे बेसिक पोकेमॉन बारा ठेवले, तरी शंभरातल्या एकोणीस डावांत ही वेळ येते. म्हणजे डेक कितीही नीट बांधला तरी नशीब संपत नाही. एका डावावरून डेकला नावं ठेवू नका. दहा डाव खेळा, वहीत लिहा: कशामुळे हरलो, कोणता पत्ता हातात नुसता पडून राहिला. मग बदला, आणि बदलताना दोन-तीनच पत्ते बदला. सगळं एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

पालक विचारतील, हा जुगार नाही कशावरून? सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमीबद्दल निकाल दिला, की ती मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, कारण पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात, कोणता धरायचा आणि कोणता टाकायचा हे ठरवावं लागतं. तीन पत्तीला मात्र त्याच निकालात निव्वळ नशिबाचा खेळ म्हटलं. २०१८ च्या जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ब्रिजमध्ये प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी आपल्या देशाला सुवर्णपदक मिळवून दिलं. बर्धन तेव्हा साठ वर्षांचे होते. त्यामुळे पत्ता हातात घेतला की माणूस बिघडला, असं नाही.

पण या खेळातही एक दार जुगाराकडे उघडतं, ते मला दाखवलंच पाहिजे. ते म्हणजे बंद पाकीट. आत काय निघेल ते माहीत नसतं. चमकता पत्ता निघेल म्हणून एक फोडलं, मग दुसरं, मग तिसरं. आपल्याच इमारतीत एका मुलाने राखीची सगळी ओवाळणी एका संध्याकाळी पाकिटांत घातली. त्याच्या डोळ्यांत मी जे पाहिलं, ते मी करीच्या डावात पाहिलं होतं. म्हणून माझं सांगणं: सुरुवातीला साठ पत्त्यांचा तयार डेक घ्या. पुढे जो पत्ता हवा तेवढाच सुटा घ्या. रस्त्यावर दहा-वीस रुपयांना मिळतात ते बहुतेक नकली असतात, स्पर्धेत चालत नाहीत. घरी सराव करायला तर विकत घ्यायचीही गरज नाही. मी जुन्या कॅटवर कागद चिकटवून, नावं लिहून पहिला डेक बनवला. त्याच डेकने नातवाला दोनदा हरवलं.

गेल्या वर्षी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला गेलो आणि नातवासोबत एका दुकानातल्या छोट्या स्पर्धेला बसलो. मीही नाव दिलं होतं. तिथे हरला म्हणून कुणी घरी जात नाही. सारखे गुण असलेल्यांच्या जोड्या लावतात आणि ठरलेल्या फेऱ्या सगळेच खेळतात. मी चारही हरलो. एकदा तर नऊ वर्षांच्या मुलीकडून. तिने हात मिळवला आणि म्हणाली, "आजोबा, तुमच्या एनर्जी जास्त आहेत." वहीत लिहून घेतलं. नातू चारांत एक जिंकला. परत येताना रिक्षात तो गप्प होता. मी विचारलं, "काय रे, काय गेलं?" तो म्हणाला, "काही नाही. सकाळ गेली." मग हसला.

आता आपल्या सोसायटीपुरतं. मागच्या महिन्यात अदलाबदलीवरून दोन मुलं भांडली आणि पाठोपाठ दोन आया जिन्यात भांडल्या. मोठ्याने लहानाचा भारी पत्ता तीन साध्या पत्त्यांत घेतला होता. तेव्हापासून मी रजिस्टर ठेवलं आहे. नियम तीन. अदलाबदल मोठ्या माणसासमोर. आधी नोंद, मग चोवीस तास विचार, मग सही. आणि पैसा मध्ये आणायचा नाही, दहा रुपयेही नाही. मुलांना वाटलं काका बँक उघडून बसले. पण तेव्हापासून एकही तक्रार नाही, आणि चोवीस तासांत निम्मे सौदे मुलं स्वतःच रद्द करतात.

येत्या रविवारपासून दुपारी चार ते सहा याच सभागृहात खेळ सुरू होईल. पत्ते नसतील त्याने कागद आणि कात्री आणावी, बाकी मी बघतो. आजी-आजोबांनीही यावं. पाठ धरली असेल तर खुर्ची आहे.

वर्षभरात सुट्टी एकच. पोळ्याच्या करीला हे सभागृह बंद राहील. तेवढं माझ्यासाठी.