पाणी वरून ओतलं

कामं आवरली असतील तर निवांत बसा, नसतील तर भांडी घासता घासता ऐका. आज मी एका खेळाबद्दल बोलणार आहे. हसू नका, पन्नाशीत शिकलेय.

गेल्या उन्हाळ्यात डोळे दाखवायला पुण्याला भावाकडे गेले होते. रात्री भाच्याचे मित्रमैत्रिणी जमले. टेबलावर कागद, पेन्सिली आणि नाना तऱ्हेचे फासे. एकाला तर वीस बाजू! मला वाटलं जुगार. भाचा म्हणाला, "नाही गं आत्या, आम्ही गोष्ट खेळतो. बस ना तूपण."

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी तो काढला. एकजण गोष्ट चालवतो, समोर काय घडतंय ते सांगतो. बाकीचे एकेक सोंग घेतात आणि आपलं माणूस काय करील, काय बोलेल ते सांगतात. एखादं काम जमेल की नाही अशी शंका असली की फासा टाकायचा. भारुडातल्या सोंगासारखंच म्हणा, पण इथे बोलणं आधी ठरलेलं नसतं.

मला दिली एक वैदूबाई. ड्वॉर्फ नावाची जमात असते, बुटकी पण दणकट, डोंगर पोखरून राहणारी. त्यांचं ऑर्क जमातीशी पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. भाच्याने ठरवून दिलं, माझ्या आजोबांना ऑर्कांनी मारलंय. पण मी वैदू होताना शपथ घेतलीय की दारात जखमी कुणीही येवो, उपचार करायचे. एवढं सांगून पोरगा गप्प बसला. मग म्हणाला, "रात्र झालीय. दार वाजतंय. बाहेर ऑर्कांची एक लहान पोर, पायातून रक्त येतंय."

मी दार उघडलं. शपथ ती शपथ. फासा टाकला, सतरा आले, रक्त थांबलं. पोरीने पाणी मागितलं. मी म्हटलं, "ओंजळ कर म्हणते मी तिला, आणि वरून ओतते."

टेबलावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "काकू, भांडं हातात का नाही दिलं?"

बायांनो, मला उत्तर आलं नाही. वैदूबाईने ओंजळीत पाणी ओतावं असं मला कुणीही सांगितलं नव्हतं. पुस्तकात नव्हतं, भाच्याच्या गोष्टीत नव्हतं. ते माझ्या माहेरच्या ओसरीवरून आलं होतं. माझी आजी खालच्या आळीतल्या बायांना असंच पाणी द्यायची आणि मी तांब्या धरून शेजारी उभी असायची. मी गटाची अध्यक्ष, मी व्यासपीठावर समतेवर बोलते. आणि हात बघा कुठे गेला.

मी म्हटलं, बदला, भांडं देते. भाचा म्हणाला, "बदलू नको आत्या. तुझी वैदू अशीच आहे. आता पुढे ती काय करते ते खेळ." हे मला फार पटलं. असं माणूस खेळायचं तर त्याला पटकन देव करून टाकायचं नाही. कर्तव्य आधी हात करतात, मन मागून रखडत येतं, कधी येतही नाही. माझ्या वैदूने त्या पोरीला चार दिवस ठेवून घेतलं, पट्ट्या बदलल्या, आणि चारही दिवस तिचं नाव विचारलं नाही. ते मी मुद्दाम केलं. पाचव्या दिवशी पोर निघून गेली तेव्हा मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

भाच्याने आणखी एक सांगितलं. जुन्या पुस्तकांत ऑर्कांच्या नावापुढे सरळ 'दुष्ट' असं छापलेलं असे, अख्ख्या जमातीवर एकच शिक्का. पुढे खेळणाऱ्यांनीच त्यावर प्रश्न विचारले आणि २०२० मध्ये प्रकाशकांनी हे बदलायचं जाहीर केलं. खेळाच्या पुस्तकातला शिक्का पुसायला एवढी वर्षं.

गावी आल्यावर मी हा खेळ गटात काढला. फासे नाहीत, नुसत्या चिठ्ठ्या. शाळेत खिचडी शिजवणारी बाई, सगळ्या पोरांना सारखं वाढणं हे तिचं काम. घरून सासू बजावते, अमक्यांच्या पोरांना लांबून वाढ, घरी आल्यावर अंघोळ कर. एकीने ती बाई इतकी हुबेहूब केली की आम्ही हसून लोळलो. पळी ताटापाशी न्यायची आणि वीतभर वर थांबवायची.

तेवढ्यात वस्तीवरच्या आमच्या एका सभासद बाईकडे लक्ष गेलं. तिच्या चिठ्ठीत 'पोर' आलं होतं. ती हसत नव्हती. म्हणाली, "मला पोर नका करू. ते मी झालेय एकदा."

सगळ्या गार. चूक माझी होती. पुण्यातल्या पोरांच्या टेबलावर मधोमध एक फुलीचं कार्ड असतं. नको वाटलं की त्यावर बोट ठेवायचं, गोष्ट तिथेच थांबते आणि कारण कुणी विचारत नाही. मला तेव्हा तो शहरी नखरा वाटला होता, म्हणून मी ते आणलंच नाही. आमच्यातल्या ज्यांना ते सोंग होतं, त्यांना हसायला काय जातंय? जिच्यावर गुजरलंय, तिला तेच दुसऱ्यांदा गिळायला लावायचं का?

त्या दिवशी खेळ बंद केला. मी तिच्या घरी गेले, माफी मागितली. तिने चहा केला, मी प्यायले, फार बोलणं झालं नाही.

पुढच्या बैठकीला मी जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर फुली काढून सतरंजीवर ठेवली. चिठ्ठ्याही टाकल्या नाहीत, ज्याचं त्याने निवडावं म्हटलं. सगळ्यांत आधी तीच उठली. म्हणाली, "आज खिचडीवाली मी. आणि अध्यक्षबाई, तुम्ही बसा पंगतीत."

मी बसले. तिने पळी भरली, माझ्या ताटापाशी आणली आणि वीतभर वर धरून ठेवली. माझ्याकडे बघत राहिली. किती वेळ कुणास ठाऊक. पुठ्ठा माझ्या हाताशीच होता.