पान देण्यापूर्वी

जमीन घेताना आपण आधी सातबारा बघतो. इतर हक्कांत कुणाचा बोजा तर नाही ना? संगणकाच्या मेमरीतही ही चौकशी असते. ती करणारा कारभारी म्हणजे कर्नेल. लिनक्सचा कर्नेल घ्या. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तो लिहिला. आज अँड्रॉइड फोनमध्येही तोच आहे.

हा कारभारी मेमरीची पाने पाडतो. बहुधा एकेक पान ४०९६ बाइटांचे. प्रत्येक पान कितीजण वापरताहेत, याची नोंद तो ठेवतो. नव्याने देताना हा आकडा शून्य हवा. नसला तर? कुणीतरी अजून त्यावर लिहीत असेल, आणि तुमच्या हिशेबावर दुसऱ्याचा मजकूर उमटेल; तोही गुपचूप! म्हणून असे पान बाजूला टाकायचे, आणि तक्रार नोंदवायची.

पण तपासायला वेळ लागतो हो. २०२३ साली कर्नेलकारांनी ही तपासणी एरवी बंद ठेवली. हवी त्याने चालू करावी. सोसायटीचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्रावर मी तरी ती चालूच ठेवीन. एक काम मात्र सुटलेले नाही. एखाद्या प्रोग्रॅमला नवे पान देताना ते पाटीसारखे पुसूनच देतात, नाहीतर आधीच्याचे गुपित पुढचा वाचील.