ड्यूटी सांभाळून पदवी

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांचा फोन आला, "तू नोकरी करता करता डिग्री घेतलीस, त्यावर दहा मिनिटं बोल." आपल्या बॅचमध्ये डॉक्टर आहेत, इंजिनियर आहेत, स्वतःचे कारखाने काढलेले आहेत. त्यांच्यापुढे नर्सनं काय बोलायचं, असं आधी वाटलं. मग वाटलं, ही गोष्ट तुम्हालाच सांगायला हवी. का, ते शेवटी सांगते.

बारावीनंतर मी जीएनएम केलं, म्हणजे जनरल नर्सिंगचा डिप्लोमा. नोंदणी झाली, नोकरी लागली. डिप्लोमा झालेल्या नर्सला पुढे पदवी घ्यायची तर पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग करावं लागतं. कॉलेजात जाऊन ते दोन वर्षांचं, पूर्ण वेळ. खासगी रुग्णालयातल्या नर्सनं दोन वर्षं सुट्टी मागायची म्हणजे बहुतेक वेळा राजीनामाच द्यायचा. २००३ साली आमच्या घरात तो शब्दही काढता आला नसता. यजमानांची कंपनी बंद पडली होती, मुलगी बालवाडीत होती आणि सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. घर माझ्या पगारावर चाललं होतं.

मार्ग मिळाला तो इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा, आपण ज्याला 'इग्नू' म्हणतो त्याचा. नोकरीत असलेल्या नोंदणीकृत नर्ससाठीच त्यांचा हा अभ्यासक्रम होता. प्रवेश परीक्षा द्यायची आणि किमान तीन वर्षांत पूर्ण करायचा. मला चार लागली. मुक्त विद्यापीठ म्हटलं की लोकांना वाटतं, घरबसल्या पुस्तकं वाचायची. नर्सिंगमध्ये तसं चालत नाही. प्रात्यक्षिकांना हजर राहावंच लागतं. स्वाध्याय हातानं लिहून द्यायचे, आणि जून-डिसेंबरमध्ये परीक्षा. शरीरशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, बालरोग, मानसिक आरोग्य, सामाजिक आरोग्य, सगळं इंग्रजीतून. आपण मराठी माध्यमातले. पण शब्द अडला की शब्दकोश उघडायचा, ही सवय बाईंनी आठवीत लावली होती. बाई, तुम्ही समोर बसला आहात म्हणून मुद्दाम सांगते, तो शब्दकोश मी त्या चार वर्षांत फाटेपर्यंत वापरला.

आता वेळेचं गणित. आमची नाइट रात्री आठ ते सकाळी आठ. ओव्हर देऊन निघेपर्यंत साडेआठ. रविवारी साडेनऊला वर्ग. मध्ये घरी जाऊन सासूबाईंचं आवरायचं, की थेट वर्गात जायचं? दोन्ही जमणं शक्य नव्हतं. जमलं ते माझ्या हुशारीमुळे नाही. वॉर्डातल्या एका केरळच्या मैत्रिणीनं माझ्या शनिवारच्या नाइट घेतल्या. बदल्यात नाताळच्या तिच्या रात्री मी करायची. आमच्या इन्चार्ज सिस्टर महिन्याचा ड्यूटी चार्ट लावण्याआधी मला परीक्षेच्या तारखा विचारायच्या. शेजारच्या काकू रविवारी सासूबाईंना जेवू घालायच्या. पदवीच्या कागदावर नाव माझं एकटीचं आहे. त्यातल्या रात्री मात्र पुष्कळ जणींच्या आहेत.

लोक विचारतात, "इतकं करून मिळालं काय? काम तर तेच!" काम तेच होतं, खरं आहे. उठता न येणाऱ्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची, हे मी डिप्लोमापासून करत होते. हातांना सवय होती. पण एकाच जागी दाब पडत राहिला की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या बंद होतात, मांस आतून मरायला लागतं आणि वर दिसते ती फक्त लाली, हे मला नीट उमगलं ते पुन्हा शरीरशास्त्र वाचताना. त्यानंतर घरी जाणाऱ्या एका आजोबांच्या सुनेला मी "कूस बदला" एवढंच सांगून थांबले नाही, कारण सांगितलं. महिन्यानं ती तपासणीला आली, तेव्हा तिच्या हातात वही होती. प्रत्येक वेळेची नोंद त्यात होती. आजोबांच्या पाठीवर एकही जखम नव्हती. मला काय मिळालं म्हणाल, तर ती वही.

पुढे याच पदवीमुळे मला शिकवता आलं. आज मी नर्सिंगच्या मुलींना शिकवते. कुणाची मुलगी, भाची या वाटेनं जाणार असेल, तर प्रवेश घेण्याआधी त्या अभ्यासक्रमाला नर्सिंगच्या अधिकृत नियामक संस्थांची मान्यता आहे का, ते आधी बघा. जाहिरातीवर जाऊ नका.

आपलं पुणं या बाबतीत जुनं शहाणं आहे. दिवसभर राबणाऱ्यांसाठी जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये रात्रीची शाळा काढली. १९०९ साली इथे सेवासदन सुरू झालं, आणि भल्या घरच्या बाईनं नर्स होणं कमीपणाचं मानलं जात होतं त्या काळात रमाबाई रानड्यांनी तिथल्या बायकांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं. शिकणाऱ्याची इच्छा तेव्हाही होती, आजही आहे. कुणीतरी वेळेची सोय करून दिली, म्हणून ती पुरी झाली.

आता सुरुवातीला म्हटलं ते. तुमच्यापैकी अनेकांच्या हाताखाली माणसं काम करतात. दवाखान्यात सिस्टर असेल, ऑफिसात शिपाई असेल, कारखान्यात रात्रपाळीचा मुलगा असेल. त्यांच्यात कुणी ना कुणी पुस्तक पिशवीत घालून येतं आणि सांगायला लाजतं. त्याला पैसे देऊ नका, भाषण देऊ नका. परीक्षा कधी आहे एवढं विचारा, आणि त्या आठवड्याची पाळी आधी ठरवून द्या. तुमचं फार काही जात नाही. त्याचं वर्ष वाचतं.