ज्ञानाचे जाळे आणि रुग्णसेवा
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



विद्यापीठे व संशोधन संस्था यांना जोडणारी वेगवान संगणक-जाळी अनेक देशांनी उभारली. ती मुळात अभ्यासकांसाठी होती. पण ज्या तारेवरून प्राध्यापकाचे व्याख्यान जाते, त्याच तारेवरून रुग्णाचा एक्स-रेही जाऊ शकतो.

ब्राझीलने हे करून दाखविले. तेथील शिक्षण-संशोधन जाळे १९८९ सालचे. २००६ पासून त्यावर विद्यापीठांची रुग्णालये दूरवैद्यकासाठी जोडली गेली. बालरोग, हृदयरोग अशा एकेका विषयाचे डॉक्टर ठरल्या वेळी पडद्यावर भेटतात. त्यामुळे अ‍ॅमेझॉनच्या अरण्यातील मनौससारख्या शहरालाही दूरच्या तज्ज्ञांचा सल्ला मिळू शकतो.

आपल्या देशात राष्ट्रीय ज्ञान जाळ्यास २०१० साली मंजुरी मिळाली. पुढे त्यावरून वैद्यकीय महाविद्यालये जोडण्याची योजना आली. लखनौची संजय गांधी संस्था तिचे राष्ट्रीय केंद्र, तर मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय विभागीय केंद्र ठरले.

परंतु तार पोहोचली म्हणजे सेवा पोहोचली असे नव्हे. पलीकडे तज्ज्ञ असला, तरी अलीकडे रोग्याची लक्षणे नेमकी सांगणारी परिचारिका हवी, यंत्र सांभाळणारा तंत्रज्ञ हवा. ही माणसे शाळेतच घडतात. आपली सगळीच मुले डॉक्टर होणार नाहीत. पण या वाटा त्यांना खुल्या आहेत. म्हणून पालकांना माझी विनंती आहे की, दहावीनंतर मुलींचे विज्ञान थांबवू नका. इल्म ही अमानत आहे. ती गरजवंतापर्यंत पोहोचविणे हे आपले कर्तव्य आहे.