मनाची टोचणी



आज आपण घरातलंच बोलू. कामधंद्यासाठी आम्ही पिंप्राळ्यात आलो, घर बांधलं. माय गावी राहिली. तिचा चष्मा फुटला. ‘पुढच्या पगाराला करू,’ म्हणालो. तीन पगार गेले. रात्री मन टोचतं आणि तो राग आम्ही लेकरांवर काढतो. घरोघरी हेच आहे.

तथागतांनी राहुलला आरशाचा दृष्टांत दिला. तो मज्झिम निकायात आहे. आरशात तोंड पाहावं तसं प्रत्येक कर्म करण्याआधी, करताना आणि केल्यावर तपासावं. चुकलं असेल तर जाणत्यापुढे उघड सांगावं, पुन्हा करू नये. नदीत बुडी मारून चूक धुतली जात नाही. वर्षावास संपताना भिक्खूसुद्धा पवारणेत ‘माझा दोष दिसला असेल तर सांगा’ अशी संघाला विनंती करतात.

तेव्हा टोचणी वाईट नाही, ती दाबणं वाईट. येत्या रविवारी गावाची एस.टी. धरू. ‘माय, आमचं चुकलं,’ एवढं म्हणू आणि तिला हाताला धरून चष्मेवाल्याकडे नेऊ.

नमो बुद्धाय! जयभीम!