पोर्टल, पंप आणि पंपचालक : अध्यक्षीय भाषण

सोसले येथे भरलेल्या या परिषदेला म्हैसूर-नंजनगूड परिसरातील कारखान्यांतून रजा टाकून मराठी तंत्रज्ञ आले आहेत. व्यासराज मठामुळे माध्व परंपरेत ज्याचे नाव आदराने घेतले जाते, त्या गावी यंत्रांच्या दूरनियंत्रणाची चर्चा व्हावी यात विसंगती नाही. कारण जवळच्या तिरुमकूडलु नरसीपूर येथे कपिलेला सोबत घेऊन निघालेली कावेरी पुढे शिवनसमुद्राला पोहोचते आणि तेथील जलविद्युत केंद्रातून १९०२ मध्येच सुमारे १४७ किलोमीटरवरील कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज जाऊ लागली होती. याच नदीचे पाणी आज तोरेकाडनहळ्ळीहून सुमारे शंभर किलोमीटर दूर आणि सुमारे पाचशे मीटर उंच असलेल्या बंगळूरपर्यंत पंपांनी टप्प्याटप्प्याने चढवले जाते. त्या योजनेचा पहिला टप्पा १९७४ मध्ये, तर दररोज ७७.५ कोटी लिटर क्षमतेचा पाचवा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला. नदी एका ठिकाणी, यंत्र दुसऱ्या ठिकाणी आणि ते चालवण्याचा निर्णय तिसऱ्या ठिकाणी, अशी ही स्थिती आहे.

अध्यक्षीय भाषणात क्षेत्राच्या प्रगतीचा आढावा घेण्याचा प्रघात आहे. तो थोडक्यात असा. यंत्राजवळ बसवलेले संवेदक दाब, पातळी, तापमान आणि विद्युत प्रवाह मोजतात. पीएलसी म्हणजे यंत्राच्या कामाचा क्रम सांभाळणारा कणखर छोटा संगणक ते आकडे गोळा करतो. मॉडेम ते दूरच्या सर्व्हरकडे पाठवतो. आणि पोर्टल म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारे असे पान की ज्यावर अधिकार असलेल्या व्यक्तीला कोठूनही यंत्राची स्थिती पाहता येते व एका कळीसरशी ते चालू किंवा बंद करता येते. हेच काम नियंत्रण कक्षातून ‘स्काडा’ या नावाने, म्हणजे देखरेख, नियंत्रण आणि आकडेसंकलन यांच्या एकत्रित प्रणालीने आधीपासून होत आले आहे. बाकीचा तपशील परिषदेच्या पुस्तिकेत छापला आहे आणि तो सर्वांनी वाचावा. कारण अध्यक्षाला उपलब्ध असलेला वेळ एकाच गोष्टीसाठी खर्च करावयाचा आहे, आणि ती गोष्ट म्हणजे पॅनेलवरचा लोकल-रिमोट स्विच.

हा स्विच दिसायला अगदी साधा असतो. त्याची मूठ ‘रिमोट’कडे असली की यंत्र दुरून आलेली आज्ञा पाळते आणि ‘लोकल’कडे वळवली की ती आज्ञा पॅनेलपाशीच थांबते व यंत्र केवळ समोर उभ्या असलेल्या माणसाचे ऐकते. गेल्या काही वर्षांत पाहण्यात आलेल्या अनेक पॅनेलांवरून ही मूठ नाहीशी झालेली आहे. कोठे ती पोर्टलच्या पानावर चित्ररूपाने उरली आहे, तर कोठे ती कुलूपबंद पेटीत असून किल्ली शहरातील कार्यालयात आहे. जागेवरचा माणूस कामात अडथळा आणतो, त्याच्या हाताला जितके कमी काम तितकी यंत्रणा शिस्तीत चालते, असे याचे समर्थन केले जाते. हे समर्थन चुकीचे आहे आणि धोकादायकही आहे, असे प्रस्तुत वक्त्याचे ठाम मत असून ते मांडण्यासाठी याहून योग्य व्यासपीठ पुन्हा मिळेल असे नाही.

दूरनियंत्रणाला विरोध असल्याचा समज कोणी करून घेऊ नये. रात्रपाळीच्या विजेवर उसाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याने अंधारात, सापकिरडाच्या वाटेने, केवळ एक बटण दाबण्यासाठी विहिरीवर जावे हे कोणालाही मान्य होणार नाही. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी विकसित केलेल्या ‘नॅनो गणेश’ने मोबाईलवरून पंप चालू-बंद करण्याची सोय केली तेव्हा ती याच गरजेतून आलेली होती. पण त्याच शिवारात ऑटोस्विचचाही इतिहास आहे. वीज येताच पंप आपोआप सुरू करणारे हे साधन काढून टाकावे आणि कपॅसिटर बसवावा, असे आवाहन महावितरण वर्षानुवर्षे करीत आले आहे, कारण एका रोहित्रावरचे सारे पंप एकाच क्षणी ओढ घेतात तेव्हा दाब कोसळतो आणि रोहित्र जळते. पंप सुरू होणे हे येथे प्रत्येक शेतकऱ्याच्या दृष्टीने बरोबरच असते, परंतु शेजारच्या पंपाचे काय चालले आहे हे त्या पेटीला ठाऊक नसते.

पोर्टलला काय ठाऊक नसते, हा प्रश्न आपल्या परिषदांत फारसा विचारला जात नाही. जुन्या उपकरणशास्त्राने संदेशासाठी चार ते वीस मिलिअँपिअरची पद्धत स्वीकारली आणि शून्य पातळीला मुद्दाम चार मिलिअँपिअरवर ठेवले, यासाठी की टाकी रिकामी असणे आणि तार तुटलेली असणे यांतला फरक लगेच कळावा. आज नेटवर्क गेल्यावरही शेवटचा आकडा हिरव्या रंगात तसाच दाखवत राहणारी पोर्टले सर्रास बसवली जातात, आणि पाहणाऱ्याला तो आकडा आताचा वाटतो.

यावर सहकाऱ्यांत पुष्कळ वाद झाले आहेत. चांगले संवेदक बसवले की माणसाची गरज उरत नाही, असे एक पक्ष म्हणतो. या पक्षाला उत्तर म्हणून महाराष्ट्रातील एका पाणीपुरवठा योजनेच्या जॅकवेलवर घडलेला प्रसंग पुरेसा आहे; बेअरिंगच्या आवाजाची तपासणी करण्यासाठी प्रस्तुत वक्ता त्या रात्री तेथे थांबलेला होता. विजेचा दाब क्षणभर पडला आणि उभा टर्बाइन पंप ट्रिप झाला. नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे वर चढलेले पाणी मागे येऊ न देणारी झडप, कचरा अडकून उघडीच राहिली. रायझिंग मेनमधले पाणी उलट उतरू लागले आणि पंप उलटा फिरू लागला, कारण तसे फिरणे रोखणारे रॅचेट झिजलेले होते. पोर्टलवर मात्र ‘बंद’ आणि ‘सज्ज’ असे दोन्ही शब्द झळकत होते, कारण मोटरला वीज जोडणारा कॉन्टॅक्टर खरोखरच उघडलेला होता आणि विजेचा दाब पूर्ववत झालेला होता. शहरातून येणारी चालू करण्याची आज्ञा यंत्राने पाळली असती तर सुलट फिरू पाहणाऱ्या मोटरने उलट्या फिरणाऱ्या शाफ्टला जो पीळ दिला असता त्यात शाफ्टचा तुकडा पडला असता. पंपचालकाने पहिल्यांदा मूठ ‘लोकल’कडे वळवली, मग कपलिंगवर बॅटरीचा झोत टाकला, बोल्टची डोकी उलट दिशेने गरगरताना दिसत होती. फोन वाजत राहिला. त्याने डिलिव्हरी व्हॉल्व्हचे चाक हाताने फिरवून पाण्याची वाट बंद केली, कपलिंग पूर्ण थांबेपर्यंत झोत हलवला नाही आणि त्यानंतरच पंप सुरू केला.

पुढच्या आठवड्यात त्या पंपचालकाला कारणे दाखवा नोटीस मिळाली. दूरची आज्ञा नाकारल्याची नोंद पोर्टलमध्ये होती आणि ती का नाकारली हे लिहिण्यासाठी पोर्टलमध्ये रकानाच नव्हता. त्याने निळ्या शाईत केलेली सविस्तर मराठी नोंद जॅकवेलवरच्या लॉगबुकात होती, आणि ते लॉगबुक कोणी मागवले नाही. हा अन्याय वक्त्याच्या मनातून आजवर गेलेला नाही.

दुसरा पक्ष सुरक्षिततेचा मुद्दा मांडतो आणि सर्व भर फायरवॉल व पासवर्डवर देतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगर प्रदेशाची वीज गेली, लोकल गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, आणि तो सायबर घातपात होता की मानवी चूक हा वाद पुढे राज्य आणि केंद्र यांच्या पातळीवर रंगला. त्या वादात न शिरताही २३ डिसेंबर २०१५ चे युक्रेनमधील उदाहरण निर्णायक मानता येते: वीज वितरण कंपन्यांच्या पडद्यांचा ताबा परक्यांनी घेतला, ब्रेकर एकामागून एक उघडले गेले, सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले, आणि काही तासांत वीज परत आली ती कर्मचाऱ्यांनी उपकेंद्रांवर जाऊन ब्रेकर हाताने बसवल्यामुळे. तेथे माणूस आणि मूठ दोन्ही शिल्लक होती. ज्या ठिकाणी आपण दोन्ही काढून टाकली आहेत, तेथे असा प्रसंग आला तर कोण कोठे जाणार, याचे उत्तर फायरवॉल विकणाऱ्यांनी आजवर दिलेले नाही. दुरुस्तीसाठी यंत्रात हात घातलेल्या फिटरचा प्रश्न तर याहून निकडीचा आहे. वायरमन परमिट घेतल्याशिवाय खांबावर चढत नाही, मग दुरून सुरू होऊ शकणाऱ्या यंत्रावर काम करणाऱ्याच्या हाती निदान कुलूप आणि किल्ली असू नये काय?

परिषदेपुढील कामांचा उल्लेख करणे आवश्यक आहे. निविदांत प्रत्यक्ष लोकल-रिमोट स्विच बंधनकारक करणारे कलम, आकडा किती जुना आहे हे दाखवण्याची सक्ती आणि आज्ञा नाकारणाऱ्याला कारण लिहिता येईल असा मराठी-कन्नड रकाना, यांचा मसुदा एखाद्या समितीने तयार करावा. समितीचे सदस्य आणि मुदत कार्यकारिणी ठरवील. मात्र एक ठराव अध्यक्ष समितीवर न सोपवता येथेच मांडीत आहेत: आजच्या सभागृहात सल्लागार आहेत, विक्रेते आहेत, कारखान्यांचे व्यवस्थापक आहेत, परंतु एकही पंपचालक प्रतिनिधी म्हणून बसलेला नाही; म्हणून पुढील परिषदेस पंपचालकांना प्रतिनिधी शुल्क न आकारता, प्रवासखर्च देऊन बोलवावे आणि पहिले सत्र त्यांचे असावे.