सहा वर्षांआतील मूल आणि आपला हक्क
(तालुक्याच्या गावी बुद्धविहारात केलेले भाषण)

उपासकहो आणि उपासिकांनो,

बावीस प्रतिज्ञा घेऊन आपण घरातील देव विसर्जित केले. आता त्याच घरातील तीन वर्षांच्या मुलाचा विचार करावयाचा आहे. लहानशा गावात त्याच्यापुढे बहुधा दोन वाटा असतात : वस्तीतील सरकारी अंगणवाडी आणि बाजारपेठेतील फी घेणारा इंग्रजी बालवर्ग. पुष्कळ आईबाप कर्ज काढून दुसऱ्या वाटेने जातात आणि पहिलीला खिचडीचे ठिकाण म्हणून हिणवितात. ही समजूत तपासून पाहिली पाहिजे. न तपासता काही मानू नये, हीच तथागतांची शिकवण आहे.

१९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले. दलितांची व आदिवासींची मुले शाळेपर्यंत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी जन्मली. ती मुळात आपल्याच मुलांसाठी होती.

आता कायदा पाहा. घटनेच्या मूळ ४५ व्या कलमात चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांचे शिक्षण होते. खालची वयोमर्यादा नव्हती. ते केवळ प्राथमिक शिक्षणापुरते करावे, ही सूचना बाबासाहेबांनी २३ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत मान्य केली नाही. पुढे २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस मूलभूत हक्क मिळाला. सहा वर्षांआतील मूल मार्गदर्शक तत्त्वांतच राहिले. म्हणून या वयाच्या मुलांविषयी आपण अधिक जागे राहावयास हवे.

तरीही आपण निराधार नाही. १३ डिसेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, ग्रामीण वस्तीत किंवा झोपडपट्टीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले असून अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळावी. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य सांगितले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तेथील आहार हा मुलाचा हक्क झाला. ते कोणाचे दान नव्हे.

अंगणवाडीची कामगिरी अक्षरे गिरविण्यावरून ठरवू नका. रोज गोष्ट, गाणे, खेळ होतो काय? मूल मोकळेपणी बोलते काय? त्याचे वजन नियमित नोंदले जाते काय? जेवताना कोणास वेगळे बसवीत नाहीत ना? उणे दिसल्यास सेविकेवर रागावू नका. तिच्यावरही नोंदवह्यांचा भार असतो. मुलांची यादी करा, सर्वांच्या सह्या घ्या आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे लेखी मागणी करा. अर्जाची पोच घेण्यास विसरू नका.

आपण मुले काढून घेतली की अंगणवाडी ओस पडते, आणि ज्याच्यापाशी फी नाही त्याचे मूल मागे राहते. तो आपलाच बांधव आहे. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हा मंत्र अंगणवाडीच्या उंबरठ्यापासूनच आचरणात आणू या.

जय भीम! नमो बुद्धाय!